विजयदुर्ग बंदर आणि वाघोटनची खाडी पाण्याच्या बाजूने कशी पाहावी?

खाडीकाठ:

विजयदुर्गाविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यातले बहुतेक तटाच्या आतले असते. तिहेरी तटबंदी, गोमुखी दरवाजा, सदर, दारूकोठार, खूबलढा बुरूज आणि भवानीचे देऊळ एवढ्यावर वर्णन संपते, आणि ज्या पाण्यासाठी हा सारा दगड रचला गेला ते पाणी छायाचित्राच्या पार्श्वभूमीपुरते उरते. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत विजयदुर्ग आहे, सुवर्णदुर्ग, खांदेरी आणि सिंधुदुर्गही आहेत. त्यानंतर तरी या जलदुर्गांकडे पाहण्याची रीत बदलेल असे वाटले होते, पण प्रवासवर्णने अजून बुरूज मोजण्यातच रमलेली दिसतात.

माझे म्हणणे असे आहे की विजयदुर्ग हे आधी बंदर आहे आणि किल्ला हे त्या बंदराला घातलेले कुलूप आहे. वाघोटन नदी सह्याद्रीतून उतरते, खारेपाटणाच्या आसपास तिची खाडी होते आणि तेथून सुमारे चाळीस किलोमीटर वळणे घेत ती समुद्राला मिळते. मुखाच्या दक्षिण काठावर जमिनीचे एक टोक उत्तरेकडे पुढे सरकलेले आहे. किल्ला त्या टोकावर आहे आणि त्याच्या आडोशाला, पूर्वेच्या बाजूस, शांत पाणी आहे. कोकणातल्या पुष्कळ खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा साचतो, त्यामुळे ओहोटीला किंवा पावसाळी लाटांत आत शिरणे जिवावर बेतू शकते. येथे तसा दांडा नाही. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरने हे पश्चिम किनाऱ्यावरील उत्तम बंदरांपैकी एक असून कोणत्याही हवामानात आत येता येते, अशी नोंद केली आहे ती याच कारणाने. शिलाहारांपासून आदिलशाही, शिवाजी महाराज, आंग्रे, पेशवे आणि इंग्रज यांच्यापर्यंत प्रत्येकाला ही जागा का हवी होती, याचे उत्तर तटावरून मिळत नाही. ते होडीतून खाडीच्या मुखाबाहेर जाऊन मागे वळून पाहिले की मिळते.

म्हणून हा धागा. किल्ल्याच्या आतल्या वास्तूंची यादी येथे नको, ती सर्वत्र उपलब्ध आहे. पाण्यावरून बंदर कसे पाहावे, कोणत्या वेळी, कोणत्या ऋतूत, गिर्ये येथील आंग्रेकालीन गोदी पाहण्यासाठी पाण्याची कोणती अवस्था सोयीची, आणि आसपासच्या समुद्राविषयी ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांतल्या कोणत्या टिकतात, यांवर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

कौलारू:

धागा चांगला आहे. पोहोचण्याविषयी थोडक्यात लिहून मोकळा होतो. मुंबई–गोवा महामार्गावरील तळेरे येथून पश्चिमेला फुटणारा रस्ता थेट विजयदुर्गापर्यंत येतो, आणि त्यावर पन्नासहून अधिक किलोमीटर अंतर कापावे लागते. देवगडहून येणाऱ्यांना पडेलच्या तिठ्यावरून वळावे लागते. रेल्वेने यायचे असेल तर वैभववाडी रोड आणि राजापूर रोड ही स्थानके तुलनेने जवळ आहेत, परंतु गाड्यांची आणि पुढच्या वाहनाची सोय पाहता कणकवली बरे पडते. स्वतःचे वाहन नसेल तर एसटीच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात, कारण सायंकाळनंतर या भागात वाहन मिळण्याची खात्री नसते.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. मुंबई–गोवा किनारी आगबोट विजयदुर्ग बंदरात थांबत असे आणि या पंचक्रोशीतल्या चाकरमान्यांच्या किमान दोन पिढ्या बोटीनेच गावी आल्या. महामार्गाचा फाटा हा गावाचा दरवाजा झाला तो त्यानंतर, आणि गावाची पाठ समुद्राकडे वळली तीही तेव्हाच. आजचा पर्यटक किल्ल्यात जमिनीच्या बाजूने शिरतो म्हणून त्याला किल्लाच दिसतो, यात त्याचा फारसा दोष नाही.

तांडेल:

वेळेविषयी मी लिहितो, कारण पाण्याच्या बाबतीत सगळे तेथेच अडते.

पहिली गोष्ट ऋतूची. जून ते सप्टेंबर हा काळ होडीसाठी सोडूनच द्यावा. राज्याच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, पण बंदी उठली म्हणजे समुद्र निवळला असे नाही. नारळी पौर्णिमेनंतरही मुखाबाहेरच्या लाटांची फुगी बरेच दिवस राहते. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. या दिवसांत पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, पाणी तटाखाली आरशासारखे असते आणि सकाळी दहापर्यंत तसेच राहण्याची शक्यता असते. दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा चढतो. मार्चनंतर तो लवकर आणि जोराने चढतो, म्हणून उन्हाळी सुटीत आलेल्या मंडळींनी सकाळ अजिबात वाया घालवू नये.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. आमच्याकडे जुना हिशोब असा आहे की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशोब मुंबईच्या बाजूला अधिक जुळतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, त्यामुळे विजयदुर्गाला काही मिनिटे, कधी त्याहून अधिक, वजा धरावीत. अचूक वेळ भरतीच्या छापील तक्त्यातूनच पाहावी. परंतु आठवडाभर आधी तारीख ठरवताना पंचांगाचा हिशोब पुरेसा ठरतो.

आता माझी शिफारस. त्रयोदशीच्या आसपासचा दिवस निवडावा. त्या दिवशी पूर्ण भरती सकाळी साडेनऊच्या आगेमागे येते, म्हणजे आठला होडीत बसले तर चढत्या पाण्यात किल्ल्याला वळसा घालता येतो. पश्चिमेकडील तटाखाली पाण्यात बुडालेले खडक आहेत, त्यांच्यापासून अंतर राखायला चढते पाणी मदत करते, आणि चुकून कोठे टेकले तरी पाणी वाढत असल्यामुळे होडी सुटते. उतरत्या पाण्यात टेकली तर ती तेथेच बसते. दुपारी चारच्या सुमारास त्याच दिवशी पूर्ण ओहोटी असते, तेव्हा गोदीकडे जावे.

एक इशारा आवर्जून देतो. दुपारी ओहोटीचे पाणी खाडीतून बाहेर ओढत असते आणि खारा वारा बाहेरून आत येत असतो. या दोघांची गाठ मुखाशी पडते आणि तेथे आखूड, उभ्या लाटा उठतात. बाहेरचा समुद्र त्या मानाने शांत दिसतो म्हणून नवख्याला त्याचा अंदाज येत नाही. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत ओढ अधिक असते, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत कमी. अशा वेळी नावाडी नाही म्हणाला तर त्याच्याशी दराची घासाघीस करू नये, तो पैशांसाठी नाही म्हणत नसतो. जीवरक्षक जाकीट प्रत्येकाला मिळते की नाही हे होडी धक्क्यावर असतानाच पाहावे.

पुराभिलेख:

तांडेल यांनी मुखाशी उठणाऱ्या लाटांविषयी जे लिहिले आहे त्याचा आंग्र्यांच्या नौकाबांधणीशी थेट संबंध आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आंग्र्यांच्या आरमारात दोन मुख्य प्रकारची जहाजे होती. गुराब हे रुंद, उथळ बुडाचे, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे जहाज होते. दोन काठ्यांची गुराब साधारण दीडशे टनांची, तीन काठ्यांची तीनशे टनांपर्यंत. गलबत त्याहून बरेच लहान, क्वचितच सत्तर टनांच्या वर जाणारे, आणि त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी थांबते आणि वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढत त्याच्या मागच्या बाजूला, जेथे त्याच्या तोफा कमी, तेथे नेऊन उभी करतात. ही लढण्याची पद्धत पहाटेच्या मतलईत आणि दुपारच्या वारा बदलण्याच्या वेळेत मुरलेली आहे. मोठे जहाज पाठलाग करत आले तर उथळ बुडाच्या नौका खाडीत शिरून वर कितीही आत जाऊ शकत. होडीतून खाडीत तीन-चार वळणे आत गेल्यावर मागे समुद्र दिसेनासा होतो, तेथे थांबून हा विचार करून पाहावा.

या बंदराने किती हल्ले परतवले हेही लक्षात घेण्यासारखे आहे. १७१८ आणि १७२० मध्ये इंग्रजांनी प्रयत्न केले. दुसऱ्या वेळी तर ‘फ्राम’ नावाची तरती तोफखाना-नौका खास बांधून आणली होती. १७२४ मध्ये डचांनी येऊन पाहिले. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले, पुढे घरात फूट पडली, आणि विजयदुर्ग संभाजी व नंतर तुळाजी आंग्रे यांच्याकडे आला. तुळाजी आणि पेशवे यांचे बिनसले आणि पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हचे सैन्य येथे आले. त्यांच्या जहाजांनी किल्ल्याच्या उत्तरेस, खाडीच्या मुखातच, तटाच्या अगदी जवळ नांगर टाकून मारा केला. आंग्र्यांची जहाजे तटाखाली एकमेकांना बांधून ठेवलेली होती. त्यांत ‘रिस्टोरेशन’ नावाचे एक जहाज होते, जे तुळाजीने पूर्वी कंपनीकडूनच हस्तगत केलेले होते. त्याच्यावर तोफेचा एक पेटता गोळा पडला, ते पेटले आणि त्याच्याकडून आग शेजारच्या जहाजांवर पसरत गेली. एका दिवसात अवघे आरमार जळाले. किल्ला दुसऱ्या दिवशी पडला.

पेशव्यांनी मराठी आरमार आपल्याच हाताने बुडवले असे जे वाक्य वारंवार वाचायला मिळते ते मला अपुरे वाटते. तुळाजी पेशव्यांच्या मुलखालाही उपद्रव देत होता आणि दोघांमधील वैर जुने होते. परंतु विजयदुर्गासारखे बंदर परक्याच्या तोफा आणून जिंकणे हा सौदा महाग पडला, हे नाकारण्यात अर्थ नाही. ठरल्याप्रमाणे किल्ला पेशव्यांना मिळण्यासाठी ऑक्टोबर १७५६ चा तह व्हावा लागला आणि मोबदल्यात बाणकोट कायमचे इंग्रजांकडे गेले.

त्यानंतरही बंदर ओस पडले नाही. पेशव्यांच्या आरमाराचा सुभा येथे राहिला आणि आनंदराव धुळपांनी ८ एप्रिल १७८३ रोजी कंपनीच्या ‘रेंजर’ या जहाजाला गाठून ते पकडून येथे आणले. मराठे आणि इंग्रज यांच्यातला सालबाईचा तह आधीच झालेला असल्यामुळे त्या प्रकरणाने बरीच पत्रापत्री झाली. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला.

वाटसरू:

पुराभिलेख, आपण लिहिलेले वाचून एक शंका येते. विजयदुर्गाच्या पश्चिमेस समुद्रात बुडालेली भिंत आहे आणि तिच्यावर आपटून शत्रूची जहाजे फुटत असत, असे प्रत्येक वाटाड्या सांगतो. मग वॉटसनची जहाजे का फुटली नाहीत?

पुराभिलेख:

शंका योग्य आहे. किल्ल्याच्या पश्चिमेस पाण्याखाली भिंतीसारखी रचना असल्याचे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी नोंदवलेले आहे, त्यामुळे ती दंतकथा नाही. दंतकथा आहे ती तिच्या उपयोगाविषयी. १७५५ च्या अखेरीस कमोडोर जेम्स याला आरमाराच्या आधी टेहळणीसाठी पाठवले होते. त्याने किल्ल्याच्या तोफांच्या टप्प्यात जाऊन पाण्याची खोली मोजली आणि मोठी जहाजे जवळ येऊ शकतील असे परत जाऊन सांगितले. पुढे तसेच झाले. बंदरात शिरण्याचा मार्ग किल्ल्याच्या उत्तरेकडून आहे आणि भिंत पश्चिमेकडे आहे. शत्रूला बंदर हवे होते. पश्चिमेच्या खडकाळ, लाटांच्या बाजूला जहाज भिडवण्याचे कोणा शहाण्या कप्तानाला कारण नव्हते.

माझ्या मते ती रचना जहाजे फोडण्यासाठी असण्यापेक्षा लाटांचा जोर तटाच्या पायथ्यापर्यंत येऊ नये यासाठी असणे अधिक संभवते. पावसाळ्यात पश्चिमेची लाट तटावर कशी आदळते हे ज्याने पाहिले आहे त्याला हे पटेल. आजही त्या बाजूच्या तटाचे चिरे समुद्र काढून नेतो आहे. हे अनुमान आहे, निष्कर्ष नव्हे. पण ‘जहाजे फुटत असत’ हे वाक्य पुराव्याशिवाय फलकावर जाऊ नये इतकेच माझे म्हणणे आहे.

कौलारू:

पुराभिलेख यांचा युक्तिवाद मान्य असला तरी वाटाड्यांची बाजूही कोणीतरी मांडली पाहिजे. १७१८ पासून १७२४ पर्यंत आलेली तिन्ही आरमारे हात हलवत परत गेली, त्यांच्या अपयशाचे कारण लोकांनी आपल्या परीने शोधले आणि ते पाण्याखाली ठेवले. समुद्रावर पोट असलेल्या माणसाला पाण्याखालची न दिसणारी गोष्ट ही तोफेपेक्षा जास्त भीतीची वाटते. ही कथा इतिहास म्हणून सांगू नये हे कबूल, पण ती कोणाची भीती सांगते हे ऐकण्यासारखे आहे.

तांडेल:

भीतीचे म्हणाल तर आजही पश्चिमेच्या बाजूला जाळे टाकताना आम्ही जपूनच टाकतो. खाली काय आहे ते जाळे फाटल्यावर कळते. भिंत असो की खडक, जाळ्याला दोन्ही सारखेच.

सप्तर्षी:

फलकाचा विषय निघालाच आहे तर किल्ल्यातल्या ‘साहेबाच्या कट्ट्यां’विषयी, म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरच्या दुर्बिणीसाठीचे म्हणून दाखवल्या जाणाऱ्या चौथऱ्यांविषयी, लिहितो. विजयदुर्गावरून १८६८ मध्ये हेलियमचा शोध लागला असे सर्रास सांगितले जाते आणि १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिनही साजरा होतो. यात दोन वेगळी ग्रहणे एकत्र झालेली आहेत.

१८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले. निरीक्षकांचे तळ जमखंडी, विजापूर, गुंटूर आणि मछलीपट्टण येथे होते. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होता. सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट त्याने पाहिला आणि ग्रहण नसतानाही त्या रेषा पाहता येतील हे दुसऱ्याच दिवशी करून दाखवले. नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता. त्याने त्याच वर्षी २० ऑक्टोबरला तेथूनच, ग्रहणाशिवाय, ज्वालांचा वर्णपट पाहिला. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांच्या शेजारी असलेली तिसरी पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ते सूर्यावरचे नवे द्रव्य असावे असा तर्क पुढे आला आणि त्याला हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर तो वायू रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीने १८९५ मध्ये वेगळा काढला.

लॉकियर विजयदुर्गाला आला हे मात्र खरे आहे. तो आला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, म्हणजे हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षे झाल्यानंतर. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरील खलाशांना शिकवून त्याने उपकरणांवर बसवले होते. त्याच ग्रहणासाठी पुण्याहून प्राध्यापक नेगमवाला सोलापूरकडील जेऊर येथे गेले होते. कट्ट्यांची कथा १८९८ ची धरली तर तिच्यात अडचण राहत नाही. १८६८ ची धरली तर लॉकियरला एकाच वेळी दोन खंडांत उभे करावे लागते.

मला वाटते खरी हकीकत अधिक रोचक आहे. ग्रहणाचा पट्टा लांबवर पसरलेला असताना उपकरणांच्या जड पेट्या घेऊन लॉकियर किनाऱ्यावरच का थांबला? कारण येथे युद्धनौका सुरक्षित नांगरता येते आणि पेट्या थेट तटाखाली उतरवता येतात. म्हणजे खगोलशास्त्रालाही हे स्थान बंदर म्हणूनच उपयोगी पडले, आणि हा मुद्दा धाग्याच्या विषयाला धरूनच आहे.

कौलारू:

सप्तर्षी, तारखा निर्विवाद आहेत. तरी १८ ऑगस्टचा कार्यक्रम बंद व्हावा असे मला वाटत नाही. त्या निमित्ताने आसपासच्या शाळांतली मुले वर्णपट म्हणजे काय ते पाहतात. कार्यक्रमात जान्सन आणि गुंटूर यांची नावे यावीत आणि २२ जानेवारीलाही काही व्हावे. जानेवारीत आकाश निरभ्र असते, ऑगस्टमध्ये सूर्यच दिसण्याची मारामार.

खाडीकाठ:

सर्वांचे आभार. गोदीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून मीच लिहितो.

किल्ल्यापासून खाडीने तीनेक किलोमीटर आत, गिर्ये गावाच्या हद्दीत, मुख्य प्रवाहाच्या बाजूला एक लहान खाडीचा फाटा आहे आणि त्याच्या टोकाशी आंग्रेकालीन गोदी आहे. जागेची निवड पाहण्यासारखी आहे. समुद्रावरून ती दिसत नाही, मुख्य खाडीतून जाणाऱ्यालाही सहज दिसत नाही. कातळ कोरून आणि दगड रचून शंभर मीटरांहून अधिक लांबीचा चौक केला आहे, त्याला पाण्याच्या बाजूस रुंद तोंड आहे. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी निघून गेले की तोंड बंद करायचे, आणि कोरड्या जमिनीवर बुडाला डांबर, चुना, दुरुस्ती काय हवे ते करायचे. पंप नाही, यंत्र नाही. चंद्र जे काम फुकट करतो त्यावर सगळी व्यवस्था बसवलेली आहे.

म्हणूनच तांडेल यांनी सुचवलेला दिवस मला फार योग्य वाटतो. सकाळच्या भरतीला होडीतून गोदीच्या तोंडाशी गेले तर पाणी आत शिरताना दिसते आणि दुपारच्या ओहोटीला रस्त्याने त्याच ठिकाणी गेले तर रिकामा तळ, चिखल आणि बाजूच्या भिंती दिसतात. ज्यांना एकच फेरी जमेल त्यांनी ओहोटीची निवडावी. भिंतीवर झाडोरा वाढलेला असतो, दगड सैल आहेत आणि चिखल दिसतो त्यापेक्षा खोल असतो, म्हणून आत उतरण्याचा मोह टाळावा. फाट्याच्या काठाने कांदळवन आहे, तेही तुडवू नये.

गिर्ये येथील रामेश्वराचे देऊळही याच फेरीत होते. कातळ फोडून केलेल्या अरुंद वाटेने खाली उतरावे लागते आणि समोर देऊळ एकदम येते. हा विषय वेगळ्या धाग्याचा आहे.

खाडीच्या दुसऱ्या टोकाविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. खारेपाटण आज महामार्गावरचे गाव म्हणून ठाऊक आहे, पण शिलाहार राजा रट्टराज याचा इ. स. १००८ चा ताम्रपट तेथे सापडला आहे आणि शतकानुशतके घाटावरचा माल तेथे उतरून खाडीने विजयदुर्गाकडे जात असे. वरची खाडी आता गाळाने उथळ झाली आहे. महामार्गावरून येणाऱ्यांनी पुलावर क्षणभर थांबून ते अरुंद पाणी पाहावे आणि मग विजयदुर्गाला मुखाची रुंदी पाहावी. दोन्हींच्या मध्ये जे चाळीस किलोमीटर आहेत तो या बंदराचा खरा पसारा.

वाटसरू:

आणखी दोन प्रश्न विचारतो. समुद्रात शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाची प्रवाळभूमी आहे असे वाचले होते, तेथे जाता येते का? आणि माझ्याबरोबर वयस्कर आई-वडील असतील, गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांना यातले काय जमेल?

सागरतळ:

आंग्रिया बँकेविषयी मी सांगतो. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रतळाचा एक विस्तीर्ण उंचवटा आहे, त्याला कान्होजी आंग्र्यांवरून हे नाव पडले. त्याचा माथाही पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे, त्यामुळे तेथे बेट, खडक, लाट फुटणे असे काहीही वरून दिसत नाही. किनाऱ्यापासून दूर असल्यामुळे नद्यांचा गाळ तेथे पोहोचत नाही, पाणी स्वच्छ राहते आणि सूर्यप्रकाश खोलवर जातो, म्हणून प्रवाळ टिकून आहेत. संशोधनाच्या मोहिमा तेथे गेल्या आहेत. सहलीची नियमित होडी नाही आणि नसावी असेच मला वाटते. किनारी मासेमारीच्या लहान होडीतून शंभर किलोमीटर आत नेण्याची तयारी कोणी दाखवली तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. ज्यांना किनाऱ्याजवळच समुद्री जीव पाहायचे आहेत त्यांनी सकाळच्या फेरीत डोळे उघडे ठेवावेत. या किनाऱ्याला कुबड असलेले डॉल्फिन असतात आणि खाडीच्या मुखाशी माशांच्या मागे येतात. त्यांचा पाठलाग करायला नावाड्याला सांगू नये. यंत्र मंद करून थांबले तर ते आपणहून जवळून जातात, आणि गेले नाहीत तर नाहीत.

तांडेल:

वडीलधाऱ्यांसाठी होडीची फेरीच सर्वांत सोयीची, किल्ल्याच्या चढापेक्षा ती सोपी आहे. फक्त चढण्या-उतरण्याची वेळ सांभाळावी. पाणी खाली गेले की धक्का आणि होडी यांच्यात बरीच उंची पडते, पायऱ्यांवर शेवाळ असते आणि गुडघ्याचा खरा त्रास तेथे होतो. पूर्ण भरतीच्या आधी अर्धा तास ते नंतर अर्धा तास होडीचा काठ धक्क्याच्या जवळ येतो. म्हणून फेरी अशी आखावी की परत येताना भरती पूर्ण झालेली असेल. नावाड्याला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावे की म्हातारी माणसे आहेत, तो मधली फळी बसायला मोकळी ठेवतो आणि उतरवून घ्यायला एक माणूस जास्त आणतो. वडिलांना डोक्याला टोपी हवी. पाण्यावरचे ऊन सकाळी नऊलाच लागायला लागते.